चाकाचा घेर

कुणाच्याही मोटारीत पुढच्या सीटवर बसलो की माझी नजर रस्त्याआधी काट्याकडे जाते. काटा साठावर थरथरत असतो, त्याखाली किलोमीटरचे आकडे एकेक करून पुढे सरकत असतात, आणि चालवणाऱ्याचा त्या दोहोंवर वेदवाक्यासारखा विश्वास असतो. माझाही होता. त्या विश्वासापायी एका सज्जन माणसावर चोरीचा ठपका ठेवला गेला, आणि तो ठेवणाऱ्यांत मी होतो. इतिहासाच्या मास्तराने मोटारीच्या काट्यावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय मला पुस्तकातून नव्हे, तर त्या ठपक्यातून मिळाला. तेव्हा आधी ती हकीकत सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

गोष्ट २०११ सालची. आमचे हायस्कूल खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीच्या तोंडाशी. मी तेव्हा मुख्याध्यापक नव्हतो; इतिहास आणि मराठी शिकवणारा सहशिक्षक होतो. आतल्या गावांतली मुले आणण्या-नेण्यासाठी संस्थेने एक जुनी जीप ठेवली होती आणि तिचे रजिस्टर माझ्याकडे होते. जीप चालवणारे गृहस्थ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. शिक्षण चौथीपर्यंत, पण मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच सफाईने बोलणारे. मुले त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्ही शिक्षकही मामाच म्हणायचो.

सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या मिळून जीप दिवसाला ६० किलोमीटर फिरे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,५०० किलोमीटर आणि १५० लिटर डिझेल. लिटरला दहाचे ॲव्हरेज, वर्षानुवर्षे ठरलेले. त्या वर्षी जून लागण्याआधी जीपला नवे टायर घालायचे होते. पावसाळ्यात आतल्या वाटांवर चिखलात जीपचे पोट टेकायचे, म्हणून थोडे मोठे टायर घालावेत ही सूचना माझीच. चार चाकांना मोठे टायर बसले. मागे लटकवलेली स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहिली, कारण पाचव्या टायरला मंजुरी मिळाली नाही.

जूनपासून रजिस्टरात रोजचा आकडा ६० ऐवजी ५६ येऊ लागला. महिन्याची बेरीज १,४०० वर आली. डिझेल मात्र दीडशे लिटरच लागत होते. ॲव्हरेज दहावरून सव्वानऊच्या आसपास घसरले. शेवटची एक वाडी मुख्य रस्त्यापासून किलोमीटरभर आत होती. सकाळी आत-बाहेर दोन आणि संध्याकाळी दोन, असे बरोबर चार किलोमीटर त्या वाडीचे. हिशेब इतका चपखल जुळला की संस्थेच्या बैठकीत कुणाला शंकाच उरली नाही. मामा वाडीत जात नाहीत, मुलांना रस्त्यावरच उतरवतात, आणि महिन्याला दहा लिटर डिझेल बाहेर जाते!

मामांना बोलावले गेले. दाराजवळ उभे राहून ते एवढेच म्हणाले, "टायर बदलल्यापासून मीटर कमी दावतंय ओ सर. गाडी तेवढीच पळत्या."

"मीटर रस्ता मोजतंय मामा, टायर नव्हे," असे उत्तर मी दिले, आणि चार जण हसले.

मामा गप्प राहिले. वाडीतल्या मुलांना वर्गात उभे करून "जीप तुमच्या दारापर्यंत येते का रे?" एवढे विचारायला पाच मिनिटे लागली नसती. ते कुणी विचारले नाही. आकडा हातात असल्यावर माणसाला विचारावे असे कुणाला वाटत नाही. चार महिन्यांच्या चाळीस लिटरची किंमत पगारातून कापली गेली आणि रजिस्टरात मी माझ्या अक्षरात शेरा लिहिला : "ड्रायव्हरने वाडीची फेरी चुकवल्याने व डिझेलचा हिशेब न लागल्याने वसुली." दिवाळीच्या सुटीनंतर मामा परत आले नाहीत. निपाणीकडे कुणा तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर लागले, असे कानावर आले.

* * *

पुढच्या जानेवारीत आठवीच्या मुलांना रोमविषयी सांगत होतो. रोमचे रस्ते आणि मैलाचे दगड हा माझा आवडीचा भाग. मुलांना गंमत वाटावी म्हणून मी व्हिट्रुव्हियसच्या गाडीची गोष्ट काढली. हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, ऑगस्टसच्या काळातला रोमन वास्तुशास्त्रज्ञ. त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अंतर मोजणाऱ्या गाडीचे वर्णन आहे. गाडीचे चाक सुमारे चार फूट व्यासाचे, घेर साडेबारा फूट. चाकाच्या आसापाशी एकच दात असलेले एक छोटे चक्र. गाडीचे चाक एकदा फिरले की तो दात शेजारच्या ४०० दात्यांच्या चक्राला एका दात्याने पुढे ढकलतो. चारशे फेऱ्या झाल्या की ते मोठे चक्र एकदा पूर्ण फिरते, आणि वरच्या चक्रातल्या भोकातून एक गोटा सुटून खालच्या पितळी भांड्यात टण्णकन पडतो. साडेबारा गुणिले चारशे म्हणजे ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. मुक्कामाला पोचल्यावर भांड्यातले गोटे मोजायचे, की झाले दिवसाचे मैल.

मुले हसली. नेहमी मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी उभी राहिली. ती त्याच वाडीची.

"सर, चाक मोठं घातलं तर गोटा उशिरा पडणार की ओ?"

मी म्हटले, "पडणार. का बरे?"

"न्हाई, म्हणजे गाडी लांब जाणार, आणि गोटे कमीच पडणार."

ती खाली बसली. तिने जीपचे नाव घेतले नाही. तिच्या मनात ती होती की नाही, हेही मला कळले नाही. मी मात्र खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. फळ्यावर मीच लिहिले होते : घेर गुणिले फेऱ्या बरोबर अंतर. गोटे मोजणारे ते यंत्र रस्ता मोजतच नाही. ते फक्त फेऱ्या मोजते. घेर साडेबारा फूट आहे हे त्याला कुणीतरी एकदा सांगून ठेवलेले असते आणि ते यंत्र जन्मभर तेच धरून चालते.

शाळा सुटल्यावर विज्ञानाचे सर आणि मी जीप मैदानावर नेली. टायरवर खडूची रेघ मारली, जमिनीवर तिच्यासमोर दुसरी रेघ मारली आणि चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत जीप हळूहळू ढकलत नेली. टेप धरली. २३ मीटर ६० सेंटिमीटर. मग जॅक लावून ते चाक काढले, मागची जुनी स्टेपनी तिथे बसवली आणि पुन्हा दहा फेऱ्या केल्या. बरोबर २२ मीटर. २३.६० भागिले २२, म्हणजे शंभराला सात किलोमीटरहून थोडा जास्त फरक. जीप खऱ्या ६० किलोमीटर धावली की मीटर ५५.९ दाखवणार. आमच्या रजिस्टरातले रोजचे ५६ ते हेच. जुन्या मापाचे चाक चारही महिने जीपच्या पाठीवर साऱ्या गावासमोर लटकत होते. पुरावा शोधायला कुठे जायची गरजच नव्हती.

* * *

त्या दिवसानंतर चाकाने अंतर मोजण्याचा इतिहास वाचायचा मला नाद लागला. माझी चूक जगात पहिलीच की आधीही कुणी केली होती, हे पाहण्याची त्यात थोडी स्वार्थी इच्छाही होती. चूक जुनी निघाली.

चीनमध्ये ली मोजणारी ढोलाची गाडी असे. गाडीवर दोन मजले आणि त्यांत लाकडी बाहुल्या. एक ली झाला की खालची बाहुली ढोल वाजवी, दहा ली झाले की वरची घंटेवर टोला देई. सम्राटाची स्वारी निघाली की ही गाडी लवाजम्यात असे. १०२७ साली लू दाओलुंग नावाच्या अधिकाऱ्याने तिच्या रचनेचा तपशील सम्राट रेनझोंगच्या दरबारात सादर केला आणि तो सुंग घराण्याच्या इतिहासात नोंदला गेला. त्यात म्हटले आहे की चाकाचा व्यास ६ फूट आणि घेर १८ फूट. चाकाच्या शंभर फेऱ्या म्हणजे १,८०० फूट, म्हणजे एक ली. हिशेब सुटसुटीत आहे. पण सहाच्या तिप्पट अठरा हा घेर खरा नव्हे. सहा फूट व्यासाच्या चाकाचा घेर १८.८५ फूट भरतो. म्हणजे चाक खरोखर सहा फुटांचे बनवले असेल, तर प्रत्येक ढोलामागे गाडी ८५ फूट जास्त चालत असणार. शंभर ढोल वाजेपर्यंत स्वारी जवळजवळ १०५ ली पुढे गेलेली. आमच्या जीपचाच प्रकार हा : गाडी जास्त पळते आणि यंत्र कमी सांगते.

यात चिनी लोकांच्या अज्ञानाचा प्रश्न नव्हता. त्यांच्याच झू चोंगझीने पाचव्या शतकात परिघ आणि व्यासाचे गुणोत्तर ३५५ भागिले ११३ इतके सूक्ष्म काढले होते. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास वीस हजार व्यासाला ६२,८३२ परिघ सांगितला, म्हणजे ३.१४१६. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त सूक्ष्म कामासाठी ३,९२७ भागिले १,२५० आणि व्यवहारासाठी २२ भागिले ७, असे दोन्ही दिले. ज्ञान होते, ते गाडीच्या कारखान्यापर्यंत पोचले की नाही, हा प्रश्न. आमच्या भागातला लोहार मात्र या बाबतीत कधी चुकत नसे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना तो आधी चाकाचा घेर प्रत्यक्ष मोजून घेई, धाव किंचित लहान करी, तापवून फुगवी, चाकावर चढवी आणि पाणी ओती. त्याला पायची किंमत ठाऊक नसेल. पण घेर गृहीत धरायचा नसतो, मोजायचा असतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, १८४७ सालची. मॉर्मन पंथाचे लोक बैलगाड्या घेऊन पश्चिमेच्या ओसाड मुलखातून सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाले होते. दिवसाकाठी किती मैल कापले यावर रोज तांड्यात मतभेद. विल्यम क्लेटन नावाच्या नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थाने मग एका गाडीचे चाक मोजले. घेर १४ फूट ८ इंच भरला. तीनशे साठ फेऱ्या केल्या की नेमका ५,२८० फुटांचा मैल! त्याने चाकाच्या आऱ्याला तांबडे फडके बांधले आणि मे महिन्यात एक पूर्ण दिवस गाडीच्या बाजूने चालत फेऱ्या मोजल्या. ४,०७० झाल्या, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेऱ्या. दिवसभर फडक्याकडे पाहत चालणे किती कंटाळवाणे, याची कल्पना करावी. थोड्याच दिवसांत ऑर्सन प्रॅटच्या आराखड्यावरून ॲपलटन हार्मन या सुताराने लाकडी दातेचक्रांचे मोजणीयंत्र तयार केले. त्या मोजणीवरून क्लेटनने १८४८ साली वाटसरूंसाठी मार्गदर्शिका छापली, आणि पाणी कुठे, उतार कुठे, नदी कुठे, हे पुढे येणाऱ्यांना मैलांनिशी कळू लागले. क्लेटनचे मैल भरवशाचे ठरले याचे कारण त्याचे यंत्र मोठे कुशल होते असे नव्हे. फेऱ्या मोजण्याआधी त्याने चाक मोजले होते.

आपल्या देशात इंग्रजांच्या पाहणी-पथकांकडे दांड्याने ढकलायचे एक मोठे चाक असे. फेऱ्यांची मोजणी त्याच्या तबकडीवर दिसे. रस्त्यांची लांबी त्याने काढत. पण हे चाक प्रत्येक खड्ड्यात उतरते, प्रत्येक चढावर चढते आणि प्रत्येक वळण घेते. म्हणून जेम्स रेनेलसारखे नकाशाकार नकाशा काढताना रस्त्याच्या मोजलेल्या लांबीतून वळणांसाठी काही हिस्सा वजा करत. विल्यम लॅम्ब्टनने तर मुख्य मोजणीसाठी चाक वापरलेच नाही. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला त्याने साडेसात मैलांची पायारेषा मोजली ती शंभर फुटी पोलादी साखळीने. ही साखळी मुळात लॉर्ड मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर चीनच्या सम्राटाला नजराणा म्हणून गेलेली आणि तिथून नाकारली गेलेली. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणून लॅम्ब्टन ती लाकडी खोक्यांत ठेवून, तापमापी लावून वापरी आणि उष्णतेने आलेला फरक हिशेबातून काढून टाकी. मोजण्याआधी माप स्वतः किती बदलले आहे हे पाहणारा हा माणूस १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीय सर्वेक्षण शिकवताना मी इतकी वर्षे पर्वतांची नावे आणि उंच्या सांगत आलो. त्या तापमापीची गोष्ट कधी सांगितली नव्हती. आता सांगतो.

* * *

आता मोटारीच्या काट्याकडे येऊ. हा काटा ज्याच्या डोक्यातून निघाला तो ओटो शुल्झे स्ट्रासबुर्गचा. १९०२ सालच्या ऑक्टोबरात त्याने त्याचे पेटंट घेतले. स्ट्रासबुर्ग हे सीमेवरचे शहर : १८७१ पासून जर्मनीत, १९१८ नंतर फ्रान्समध्ये, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा काही वर्षे जर्मनांच्या ताब्यात. घरात एक बोली, कचेरीत दुसरी भाषा, आणि पिढीगणिक रस्त्यांच्या पाट्या बदललेल्या. आपल्या भागातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

शुल्झेची युक्ती साधी आणि सुंदर आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून एक लवचिक केबल निघते आणि काट्यामागच्या लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाला झाकणारी ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. पण चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटीही त्याच्या मागे ओढली जाऊ लागते. घड्याळातल्यासारखी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक जितका वेगात, तितकी वाटी जास्त वळते, आणि वाटीला जोडलेला काटा तितका पुढे सरकतो. त्याच केबलवर किलोमीटरच्या आकड्यांची चक्रे फिरतात. ती मात्र सरळ व्हिट्रुव्हियसच्या गोट्यांची नातवंडे.

या यंत्रात चाकाचा घेर कुठे आहे? कुठेच नाही. केबलला आसाच्या फेऱ्या तेवढ्या कळतात. कारखान्यात दातेचक्रे बसवताना कुणीतरी हिशेब केलेला असतो की या गाडीला अमुक मापाचा टायर असेल. तो हिशेब दातेचक्रांत कायमचा कोरला जातो. लाकडी चाकाच्या काळी हे फारसे बाधत नव्हते, कारण चाक सहसा बदलत नसे. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि गाड्यांखाली रबराची धाव आली. ती झिजते, हवा कमी झाली की किंचित दबते, आणि मालकाच्या मनात येईल तेव्हा दुसऱ्या मापाची घालता येते. मोटारीचा कोरा टायर पार गुळगुळीत होईपर्यंत त्याचा घेर शेकडा दोनच्या आसपास कमी होतो. म्हणजे टायर बदललाच नाही तरी काट्याचे सत्य थोडे सरकत राहते. मापच बदलले, तर मग बोलायलाच नको.

यातला धोका नुसत्या डिझेलच्या हिशेबाचा नाही. आमच्या जीपचा काटा ६० दाखवत होता तेव्हा ती ६४ च्या वर पळत होती. वेग शेकडा सात वाढला, तर गाडी थांबवताना ब्रेकला जिरवावा लागणारा जोर शेकडा पंधराने वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ओल्या उतारावर, मागे पंधरा मुले असताना, हे पंधरा टक्के ड्रायव्हरच्या नकळत त्याच्या माथी येतात. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात म्हटले आहे की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर, इथवर चालेल. पुष्कळ गाड्यांचे काटे मुळातच थोडे जास्त दाखवतात ते यामुळे. मोठा टायर घातला की ही राखून ठेवलेली शिल्लक आपण खाऊन टाकतो, आणि वर खड्ड्यातही जातो.

टायर बदलायचाच असेल तर टायरवर लिहिलेले आकडे वाचायला शिकावे. १६५/८० आर १४ याचा अर्थ असा : रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२, आणि आतली रिम १४ इंची म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. वरची-खालची उंची मिळवली की व्यास ६१९.६. आता १८५/६५ आर १५ घ्या : दोन्हीकडची उंची मिळून २४०.५, रिम ३८१, एकूण ६२१.५. रिम इंचाने मोठी, टायर रुंद, डोळ्यांना चाक भारदस्त दिसते. पण घेरातला फरक हजारी तीन. काट्याला तो कळणारही नाही. याच १५ इंची रिमवर १९५/६५ घातला तर व्यास ६३४.५ होतो आणि फरक शेकडा अडीचच्या जवळ जातो. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत होणारे हे गणित आठवीतला मुलगा करू शकतो. नव्या गाड्यांत केबल नाही, चाकापाशी विजेचा संवेदक असतो. पण तोही फेऱ्याच मोजतो, घेर गृहीतच धरतो. मोबाइलमधला उपग्रहाचा वेग मात्र चाकावर अवलंबून नसतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्याने तो आणि काटा ताडून पाहावा.

* * *

विषयाच्या ओघात मामा मागे राहिले, असे वाटायला नको.

मैदानावरची मोजणी मी कागदावर मांडली, विज्ञानाच्या सरांची सही घेतली आणि संस्थेच्या बैठकीत ठेवली. यावेळी वाडीच्या मुलांनाही विचारले होते. जीप रोज दारापर्यंत येत होती. पावसात ओढ्याला पाणी असेल तेव्हा मामा उतरून लहान मुलांना कडेवर घेऊन पलीकडे पोचवत होते. हे चार महिने सगळ्या वाडीला ठाऊक होते. फक्त आमच्या रजिस्टराला ठाऊक नव्हते. कुणी वाद घातला नाही. कापलेले पैसे परत देण्याचा ठराव झाला.

पाकीट घेऊन मी निपाणीला गेलो. मामा ट्रकच्या सावलीत बसले होते. मी सगळे सांगितले. मीटर रस्ता मोजतो हे माझे वाक्य चुकीचे होते, हेही सांगितले. त्यांनी पाकीट घेतले, पैसे मोजले, खिशात ठेवले आणि थोडा वेळ टायरकडे बघत राहिले.

"पैशाचं र्‍हाऊ दे सर," ते म्हणाले. "त्या रजिस्टरात माझ्या नावावर काय लिवलंय, ते तसंच हाय का अजून?"

मला उत्तर सुचले नाही. पैसे परत करायचा ठराव आम्ही केला होता. शेऱ्याची आठवण एकालाही झाली नव्हती. मी इतिहासाचा एम. ए. जुन्या कागदात 'बारा कोस' वाचले की तो कोस कुठल्या मुलखातला, कुणी मोजलेला, हे आधी विचारावे, असे मी मुलांना सांगत आलो. आणि माझ्याच हाताने लिहिलेला एक खोटा कागद मी कपाटात ठेवून आलो होतो. पन्नास वर्षांनी कुणी ते रजिस्टर उघडले असते, तर मामा त्याच्या लेखी चोरच ठरले असते, कारण त्या पानावर आकडे होते, बेरीज बरोबर होती आणि खाली सही होती.

दुसऱ्या दिवशी मी ते पान काढले. शेरा खोडला नाही. खोडलेल्या कागदावर लोक जास्तच संशय घेतात. समासात तांबड्या शाईने लिहिले : "वरील नोंद चुकीची. जून २०११ मध्ये चाकांचे माप वाढल्याने मीटर शेकडा सुमारे सात कमी दाखवत होता. प्रत्यक्ष मोजणी सोबत जोडली आहे. फेरी एकही चुकली नव्हती." खाली सही केली आणि तारीख घातली. त्या पानाची प्रत मामांना पाठवली. ते शाळेत परत आले नाहीत, आणि मीही त्यांना तसा आग्रह करू शकलो नाही.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. ती जीप केव्हाच मोडीत निघाली आणि तिच्या जागी बस आली. बसच्या रजिस्टरात पहिल्याच पानावर मी एक रकाना वाढवला आहे : टायरचे माप, आणि दहा फेऱ्यांचे अंतर. टायर बदलले की ड्रायव्हर आणि आठवीची दोन मुले मिळून मैदानावर मोजणी करतात आणि तिघेही सही करतात. नवे शिक्षक विचारतात, हे कशासाठी? त्यांना मी जुने रजिस्टर उघडून तांबड्या शाईचे ते पान वाचायला देतो.